वॉटरटाइट डब्यातल्या व्हॉल्व्हचा एक्झॉस्ट कुठे सोडायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेची १:१४४ मापाची, रेडिओवर चालणारी लढाऊ प्रतिकृती बांधली आहे. मधोमध, फनेलच्या (धुराड्याच्या) खाली, स्वयंपाकघरात वापरतात तसा चारही बाजूंनी लॉक होणारा प्लास्टिकचा डबा बसवला आहे. रेडिओचा रिसीव्हर, सर्व्हो (रेडिओच्या इशाऱ्यावर व्हॉल्व्ह दाबणारी छोटी मोटर), मोटरचा स्पीड कंट्रोलर आणि तोफांना वायू सोडणारे चार थ्री-टू व्हॉल्व्ह, सगळं त्या एकाच डब्यात. घरी बादलीत बुडवून पाहिलं तेव्हा थेंबभरही पाणी आत गेलं नाही. तळ्यावर मात्र थोडे शॉट झाले आणि झाकण फुगलं, एक लॉक सुटलं, आणि दुसऱ्या फेरीनंतर डब्याच्या तळाशी पाणी सापडलं. आता जाड गॅस्केट लावायचं, झाकण सिलिकॉनने कायमचं चिकटवायचं, की तुमचा मित्र म्हणतो तसं डब्याला भोक पाडायचं? आणि भोक पाडलं तर तो वॉटरटाइट राहिला कुठे, असं तुम्ही विचारता.

मित्राचं म्हणणं बरोबर आहे. पण ते भोक कशासाठी आणि त्यातून काय न्यायचं हे ठरवल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नका.

ज्यांना हा छंद माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस टेक्सासात सुरू झालेला हा प्रकार आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या युद्धनौकांच्या रेडिओवर चालणाऱ्या प्रतिकृती तळ्यात उतरवतात आणि त्या एकमेकींवर खरोखर गोळ्या झाडतात. फास्ट गन पद्धतीत जहाजाच्या बाजूंना जेमतेम ०.८ मिमी जाडीचं बाल्सा लाकूड असतं आणि साडेचार मिमीच्या पोलादी गोळ्या ते आरपार फोडतात. तोफांना जोर मिळतो कार्बन डायऑक्साइडच्या लहान बाटलीतून, रेग्युलेटरने साधारण १५० पीएसआयपर्यंत, म्हणजे दहा बारच्या थोडं वर, उतरवलेल्या दाबावर. आत शिरून तळाशी (बिल्जमध्ये) साचलेलं पाणी बिल्ज पंप बाहेर फेकतो आणि पंपाला आवरेनासं झालं की जहाज बुडतं. म्हणजे डबा नुसते तुषार अडवण्यासाठी नसतो. जहाज तळाला गेलं तरी आतलं सामान वाचलं पाहिजे.

मी आधी भोसरीत आणि नंतर इथे कॅलिफोर्नियात पॅकेजिंग मशीनच्या न्यूमॅटिक्सचं काम केलं आहे, आणि हा छंदही बरीच वर्षं करतो आहे. पुढचं सगळं त्या दोन्हीवरून सांगतो.

डब्यात पाणी दिसलं की सगळं लक्ष पाण्याकडे जातं. तुमच्या बाबतीत पाणी हा शेवटचा टप्पा आहे. सुरुवात आतून झाली. थ्री-टू व्हॉल्व्हला तीन तोंडं असतात: एक सप्लायचं, एक तोफेकडे जाणारं आणि एक एक्झॉस्टचं. व्हॉल्व्हने जागा बदलली की तोफेकडच्या ट्यूबमध्ये कोंडलेला वायू एक्झॉस्टमधून सुटतो. तुमचे व्हॉल्व्ह डब्यात आहेत, एक्झॉस्टची तोंडं उघडी आहेत, म्हणजे प्रत्येक शॉटला तो वायू डब्यात येतो. तो तिथून जाणार कुठे?

मोघम हिशोब करून पाहा. बिस्मार्कची लांबी २५१ मीटर, म्हणजे तुमची प्रतिकृती १७४ सेंमीच्या आसपास. मधल्या डब्यापासून सगळ्यात पुढच्या तोफघुमटापर्यंत, म्हणजे अँटोन टरेटपर्यंत, सुमारे ४० सेंमी ट्यूब लागते. बाहेरून ४ मिमी, आतून अडीच मिमीची पीयू (पॉलियुरेथेन) ट्यूब धरली तर तिच्यात सुमारे २ घनसेंमी जागा. तोफेच्या पिस्टनमागची पोकळी अर्धा घनसेंमी धरू. या अडीच घनसेंमीत दहा बारचा वायू आहे. तो मोकळा झाला की सुमारे २६ घनसेंमी होतो. तुमच्या डब्यात सामान वजा जाता ७०० घनसेंमी मोकळी जागा असेल, तर एका शॉटला आतला दाब ०.०३७ बारने वाढतो. आकडा अगदीच किरकोळ वाटतो. पण झाकण १५ बाय १० सेंमीचं असेल तर त्याचं क्षेत्रफळ १५० चौरस सेंमी होतं, आणि एवढ्याशा दाबाने त्याच्यावर आतून साडेपाच किलोंचा रेटा येतो. चारही तोफा एकदम उडवल्या तर २२-२३ किलो. वायूला बाहेर जायला वाट नसेल तर दहा शॉटनंतर पन्नास किलोंच्या वर. स्वयंपाकघरातल्या डब्याचं लॉक याच्या कितीतरी आधी सुटतं, आणि सुटलं हेच बरं झालं.

म्हणून जाड गॅस्केट किंवा सिलिकॉन हा यावरचा उपाय नाही. झाकण जितकं पक्कं बसवाल तितका जास्त दाब साठेल आणि मग झाकणाऐवजी डब्याची भिंत तडकेल किंवा वायर जिथून बाहेर येतात तिथलं सील सुटेल. बाजारातल्या महागड्या आयपी६७ डब्यांबद्दलही हेच. ते रेटिंग एक मीटर पाण्याखाली अर्धा तास ठेवून दिलेलं असतं. म्हणजे बाहेरचा दाब झाकणाला आत ढकलत असताना. आतून दाब आला तर काय होईल याबद्दल त्यात काहीच नसतं. तुमच्या बादलीच्या परीक्षेचंही तेच झालं. तिने फक्त एका दिशेची खात्री दिली.

मग पाणी कसं शिरलं? झाकण उचललं गेलं की गॅस्केट जागेवरून सरकतं किंवा दुमडतं, आणि दाब उतरल्यावर पुन्हा नीट बसेलच असं नाही. फटीत बाल्साचा एक कपचा अडकला तरी पुरे. त्यात दुसरी गोष्ट मिळाली. पहिली फेरी संपल्यावर जहाज काठावर उन्हात राहिलं असणार, त्या वेळी बॅटरी बदलायला तुम्ही डबा उघडला असणार. आतली हवा ४० अंशांना असताना झाकण लावलं आणि जहाज २५ अंशांच्या पाण्यात सोडलं, तर हवा गार होऊन दाब जवळपास ०.०५ बारने कमी होतो. ही ओढ ५० सेंमी उंच पाण्याच्या स्तंभाएवढी आहे. गरम भाताचा डबा झाकण लावून ठेवला की गार झाल्यावर उघडता उघडत नाही, ती हीच ओढ. गॅस्केटला कुठे फट असेल आणि तिथे बिल्जचं पाणी पोचलं असेल तर डबा ते शोषून घेतो. शिवाय आत कार्बन डायऑक्साइड भरलेला असताना पाणी आलं तर तो त्यात विरघळतो आणि पाणी आम्लधर्मी होतं, पीएच चारच्या आसपासही जाऊ शकतो. सर्किट बोर्डावरचं तांबं हिरवं पडलेलं दिसलं तर कारण हेच असण्याची शक्यता जास्त. आत्ताच डबा उघडून रिसीव्हरच्या पिना बघा, डिस्टिल्ड पाण्याने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवा.

आता उपायाकडे. इथे दोन गोष्टींवर सगळं अवलंबून आहे आणि त्या तुम्ही प्रश्नात लिहिलेल्या नाहीत.

पहिली गोष्ट, तोफ कोणत्या जातीची आहे. काही तोफांमध्ये व्हॉल्व्ह दाबला की वायू तोफेला मिळतो, गोळी सुटते आणि व्हॉल्व्ह परत आला की उरलेला वायू एक्झॉस्ट होतो. इथे एक्झॉस्ट जरा सावकाश झाला तरी गोळीच्या वेगावर परिणाम होत नाही, फक्त पुढची गोळी भरायला किंचित वेळ लागतो. दुसऱ्या जातीत उलटं असतं. पिस्टनवर सतत दाब असतो, व्हॉल्व्ह तो दाब सोडून देतो, पिस्टन मागे उडतो आणि साठवलेला वायू बॅरलमधून जातो. या तोफेत एक्झॉस्ट हाच ट्रिगर आहे. एक्झॉस्टला जरासुद्धा अडथळा आला तर पिस्टन आळसावतो, वायू एकदम सुटण्याऐवजी सरसरत सुटतो, आणि गोळी बाल्सा फोडण्याऐवजी त्याला टेकून खाली पडते. एक्झॉस्टला ट्यूब जोडल्यावर तोफ कमजोर झाली अशी तक्रार करणारे बहुतेक जण या दुसऱ्या जातीचे असतात आणि त्यांनी बारीक, लांब ट्यूब लावलेली असते.

दुसरी गोष्ट, तुमच्या व्हॉल्व्हला एक्झॉस्टचं वेगळं, आटे असलेलं तोंड आहे का? सर्व्होने दाबायच्या पुष्कळ छोट्या व्हॉल्व्हमध्ये ते नसतंच. वायू दाबायच्या दांड्याच्या भोवतीच्या फटीतून सुटतो. त्याला कुठलीही फिटिंग लागत नाही. व्हॉल्व्ह हातात घ्या, आटे असलेली तोंडं मोजा. दोनच असतील आणि तरी तो थ्री-टू असेल तर दांड्याशी बोट धरून दाबा, फुस्स झालेलं कळेल.

तीन तोंडं असतील तर काम सोपं आहे. एक्झॉस्टला ट्यूब जोडा आणि ती बल्कहेड फिटिंगमधून (भिंतीत घट्ट बसणाऱ्या आरपार जोडातून) डब्याबाहेर काढा. माझी पहिली पसंती नेहमी हीच. मित्राने सांगितलेलं भोक ते हे. डब्यात वायू येतच नाही, त्यामुळे डबा दोन्ही दिशांनी बंद राहतो. ट्यूबचा आतला व्यास व्हॉल्व्हच्या तोंडाहून कमी नको. दुसऱ्या जातीची तोफ असेल तर एक साइज मोठी घ्या, लांबी शक्य तितकी कमी ठेवा आणि काटकोनी एल्बो टाळा. एकेक एल्बो तुमचा शॉट मंद करतो.

चार एक्झॉस्ट एकाच पाइपात आणायचे की वेगळे काढायचे? जागा असेल तर वेगळे. एकत्र आणायचेच असतील तर मधला पाइप दणदणीत हवा, आतून १० मिमी तरी. चार बारीक ट्यूब एका बारीक ट्यूबला जोडल्या तर एकेक तोफ उडवताना काही जाणवत नाही, पण चारही एकदम उडवल्या की प्रत्येकीचा वायू बाकीच्या तिघींच्या वाटेत उभा राहतो. टेबलावर उत्तम चालणारी तोफ लढाईत का कमजोर पडते याचं हे एक नेहमीचं कारण आहे, कारण टेबलावर कुणी चारही तोफा एकदम उडवून बघत नाही.

ट्यूबचं दुसरं टोक नेमकं फनेलमध्येच न्यायला हवं असं काही नाही. डेकखाली कुठेही सोडलं तरी वायू निघून जातो, कारण हल, म्हणजे जहाजाचं कवच, काही हवाबंद नसतो. पण लढाईत हलमध्ये पाणी चढतं आणि टोक पाण्याखाली गेलं की एक्झॉस्टला आधी ते पाणी ढकलावं लागतं, म्हणून ते उंच हवं. बिस्मार्कचं एकुलतं एक फनेल चांगलं रुंद आहे, डब्याच्या वरच आहे, आणि त्यात चार ट्यूब सहज मावतात. टोक वरून वळवून खाली तोंड करून ठेवा म्हणजे पंपाचे फवारे आणि पावसाचे थेंब आत पडणार नाहीत. कारखान्यातल्या सवयीने तिथे पितळी सायलेन्सर लावायचा मोह होतो. लावू नका. त्याची बारीक छिद्रं ओली झाली की पाणी धरून ठेवतात आणि नेमका पहिला शॉट मंद जातो.

आता अवघड प्रकार, म्हणजे दांड्याभोवती एक्झॉस्ट होणारे व्हॉल्व्ह. इथे तीन वाटा आहेत. सगळ्यात सरळ म्हणजे तिन्ही तोंडांना आटे असलेले व्हॉल्व्ह घेणं. चार व्हॉल्व्हचा खर्च होतो, पण आयुष्यभराची कटकट जाते.

दुसरी वाट म्हणजे व्हॉल्व्ह डब्याबाहेर काढणं. मला ही फार आवडते, आणि नवीन जहाज बांधणाऱ्याला मी आधी हेच सांगतो. पितळ किंवा स्टेनलेसचा व्हॉल्व्ह भिजल्याने बिघडत नाही. तळ्याचं पाणी असेल तर घरी आल्यावर फुंकून, वाळवून, दोन थेंब तेल दिलं की झालं. भिजायला नको आहे तो सर्व्हो. मग सर्व्हो आत ठेवा, त्याची हालचाल बाहेर काढा आणि व्हॉल्व्ह तोफेच्या शेजारी बसवा. हालचाल बाहेर काढताना पुढेमागे सरकणारा रॉड नको, फिरणारा शाफ्ट वापरा. सरकणारा रॉड प्रत्येक वेळी ओला भाग आत घेऊन येतो. पितळी नळीत बसवलेला, ओ-रिंग आणि ग्रीस असलेला फिरता शाफ्ट वर्षानुवर्षं कोरडा राहतो. याचा दुसरा फायदा हिशोबातच दिसतो. व्हॉल्व्हपासून तोफेपर्यंतची ट्यूब ४० सेंमीवरून ५ सेंमीवर आली की दर शॉटला सोडायचा वायू २६ वरून ८ घनसेंमीपर्यंत उतरतो. तोफ जास्त चपळ होते आणि बाटली जास्त वेळ पुरते.

व्हॉल्व्ह हलवता येत नसतील तर तोफेत वायू जिथे शिरतो तिथे क्विक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लावण्याचा सल्ला काही जण देतात. चांगला आहे, पण त्याने काय साधतं ते नीट समजून घ्या. पिस्टनमागचा वायू तोफेपाशीच सुटतो, त्यामुळे शॉट कडक होतो. पण ट्यूबमधला वायू डब्यातल्या व्हॉल्व्हमधूनच सुटणार, कारण ट्यूबचा दाब उतरल्याशिवाय क्विक एक्झॉस्ट उघडतच नाही. आणि आपल्या हिशोबात अडीचपैकी दोन घनसेंमी ट्यूबमध्येच आहेत. म्हणजे डब्याचा प्रश्न जवळपास तसाच राहतो.

तिसरी वाट म्हणजे व्हॉल्व्ह आणि इलेक्ट्रॉनिक्स यांच्यामध्ये भिंत घालणं. डब्याचा एक कप्पा वायूचा, दुसरा विजेचा. मधल्या भिंतीतून सर्व्होचा शाफ्ट ओ-रिंगमधून जातो. वायूच्या कप्प्याला मोठं भोक ठेवा, तो भिजला तरी चालतं. विजेचा कप्पा पूर्ण बंद. बांधायला थोडं किचकट आहे, पण डेकखाली जागा कमी असेल तेव्हा हेच जमतं.

या तिन्हींपैकी काहीच जमत नसेल आणि एक्झॉस्ट डब्यातच सोडावा लागत असेल, तरच डब्याला श्वासनळी द्या. ती कशी द्यायची यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण इथेच बरेच जण चुकीची वस्तू विकत आणतात.

डब्याला दोन प्रकारचा श्वास लागतो. एक सावकाश, तापमानामुळे होणारा, आत-बाहेर दोन्हीकडे. दुसरा झटक्याचा, शॉटमुळे होणारा, फक्त बाहेर. पहिल्यासाठी सच्छिद्र टेफ्लॉनच्या पडद्याचा ब्रीदर मिळतो. बाहेरच्या एलईडी दिव्यांना, गाड्यांच्या हेडलाइटला तो असतो. हवा जाते, पाणी अडतं. पण त्यातून हवा अगदी हळू जाते आणि व्हॉल्व्हमधून येणारं तेल त्याच्यावर बसलं की तीही बंद होते. शॉटचा वायू त्याच्या भरवशावर सोडलात तर झाकण पुन्हा फुगेल. दुसऱ्यासाठी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा, बाहेरच्या दिशेने उघडणारा, रबरी चोचीचा असेल तर उत्तम. तोंडाने फुंकून सहज उघडला पाहिजे, गालफडं फुगवावी लागली तर तो तुमच्या झाकणापेक्षा कडक आहे. मत्स्यालयाच्या हवेच्या पंपाला लावतात तो छोटा प्लास्टिकचा व्हॉल्व्ह पुष्कळ जण वापरतात. एका तोफेला चालतो, चार तोफांना अपुरा पडतो.

नळीचा आतला व्यास ६ ते ८ मिमी घ्या. वायूच्या हिशोबाने ४ मिमीसुद्धा पुरते, शॉटचा दाब सेकंदाच्या अंशात उतरतो. पण बारीक नळीत पाण्याचा एक थेंब अडकला की तो बुचासारखा बसतो आणि स्वतःहून गळत नाही. ५ मिमीच्या वर गेलं की पाणी आपल्या वजनाने ओघळून जातं. नळी डब्यातून सरळ वर फनेलमध्ये न्या, मध्ये झोळ पडू देऊ नका, आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह वरच्या टोकाला बसवा.

जहाज बुडतं तेव्हाचा विचार इथे महत्त्वाचा ठरतो. एक मीटर खोलीला पाण्याचा दाब ०.१ बार, म्हणजे तुमच्या झाकणावर बाहेरून १५ किलो. नुसती उघडी नळी असेल तर ती वरपर्यंत भरेल आणि डबाही भरेल. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नीट बसत असेल तर पाणी तिथेच थांबतं. तो घाणीने अर्धवट उघडा राहू नये म्हणून दर फेरीआधी फुंकून आणि ओढून बघायची सवय ठेवा. एक्झॉस्ट पाइप करून थेट बाहेर काढला असेल तर ही चिंता बरीच कमी होते. सप्लायचा दाब चालू आहे आणि व्हॉल्व्हने एक्झॉस्ट बंद धरला आहे तोवर ट्यूबमध्ये आलेलं पाणी व्हॉल्व्हपाशीच अडतं, आणि ट्यूबचा डब्यातल्या हवेशी संबंधच नसतो.

हे सगळं करण्याआधी आणि केल्यानंतर एक तपासणी कराच. डब्याला एक छोटं निपल लावा. त्याला पारदर्शक ट्यूब जोडा, ती फळीवर इंग्रजी यू अक्षरासारखी वळवून टेपने चिकटवा, दोन्ही भुजा मीटरभर उंच ठेवा, आणि शाईचा थेंब टाकलेलं पाणी निम्म्यापर्यंत भरा. झाकण लावा. थोडं थांबा, कारण डब्यावर नुसता तळवा ठेवला तरी आतली हवा तापून पाणी हलतं. एका अंशाला साडेतीन सेंमी. पाणी स्थिर झालं की डोळ्यांना गॉगल लावून, गोळ्या न भरता, एक तोफ एकदा उडवा. आत्ताच्या स्थितीत दोन भुजांमधल्या पाण्यात ३५-४० सेंमीचा फरक पडलेला दिसेल. झाकण लवचिक असेल तर थोडा कमी. मग तो फरक टिकतो का ते बघा. टिकला तर डबा बंद आहे. भराभर उतरला तर गॅस्केटमधून वायू जातोय, आणि जिथून वायू जातो तिथून पाणी येतं. दुसरी तोफ उडवण्याआधी निपलवरची ट्यूब काढून दाब मोकळा करा.

एक्झॉस्ट बाहेर काढल्यावर हीच तपासणी पुन्हा करा. आता शॉटला पाणी हलायलाच नको. नंतर सप्लाय चालू ठेवून काही मिनिटं बघत राहा. पाणी हळूहळू चढत असेल तर डब्यातली एखादी फिटिंग गळतेय. एक सेंमी चढ म्हणजे जेमतेम पाऊण घनसेंमी वायू. साबणाच्या पाण्याने न दिसणारं लीकेज इथे स्पष्ट दिसतं.

एका गोष्टीबद्दल मात्र मी कधीच तडजोड करत नाही. बाटली आणि रेग्युलेटर वॉटरटाइट डब्यात ठेवायचे नाहीत. १०० ग्रॅमच्या छोट्या बाटलीत ५० लिटरहून जास्त वायू असतो. डब्यात हाय प्रेशरची ट्यूब निसटली तर तो ७०० घनसेंमीच्या जागेत काही क्षणांत येऊ शकतो, आणि मग प्लास्टिकचे तुकडे उडतात. तुमचे व्हॉल्व्ह डब्यात राहणारच असतील तर रेग्युलेटरनंतरची सप्लाय लाइनसुद्धा आत आहे हे विसरू नका. ट्यूब नुसती खुपसायच्या पुश-इन फिटिंगऐवजी बार्ब (खाचांचं टोक) आणि क्लॅम्प वापरा, आणि एक्झॉस्ट पूर्ण पाइप केलेला असला तरी डब्याला वर सांगितलेला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह ठेवा. रोजच्या शॉटसाठी त्याची गरज नाही, सुटलेल्या ट्यूबसाठी आहे. झाकणसुद्धा मुद्दाम असं ठेवा की काही झालंच तर आधी तेच उघडेल. सिलिकॉनने चिकटवू नका हे म्हणण्यामागे हेही कारण आहे. ओ-रिंगांबद्दलही सांगायला हवं: साध्या नायट्राइल रबरात कार्बन डायऑक्साइड मुरतो, ती फुगते आणि दाब एकदम उतरला की चिरते. दाबाच्या बाजूला पॉलियुरेथेनच्या ओ-रिंगा घ्या.

तुमच्या जागी मी असतो तर हा डबा लगेच टाकून दिला नसता. यंदाच्या मोसमापुरते तिन्ही तोंडांचे व्हॉल्व्ह आणून, एक्झॉस्ट फनेलमध्ये काढून चालवला असता, आणि हिवाळ्यात व्हॉल्व्ह टरेटांशेजारी हलवले असते. बॅटरी बदलल्यावर झाकण सावलीत लावा, जहाज पाण्यात सोडून दोन मिनिटं थांबा, मग एकदा लॉक उघडून परत लावा. उन्हाची ओढ तेवढ्याने संपते.

यू आकाराच्या ट्यूबमध्ये एका शॉटला किती सेंमी फरक पडतो, व्हॉल्व्हला आटे असलेली तोंडं किती आणि तोफ कोणत्या जातीची, एवढं कळवलंत तर ट्यूबचा नेमका व्यास काढून देतो.